सावेंच्या गिझरची टेक्निकल कमिटी

बॉयलर एकदा सुरळीत चालू लागला की बॉयलर हाउसमधल्या माणसांना गप्पांशिवाय काम उरत नाही. त्यामुळे तारापूरच्या आमच्या कारखान्यात किश्श्यांना तोटा नाही! यंदा तर सावेंनी वर्षभराचा माल एकदम पुरवला.

सावे आमचे सीनियर, पालघरजवळच्या माहीमचे, नारळाची वाडी असलेले. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला घरी येणार होती. "माज्या पोरीला गरम पाण्यासाटी थांबायला लागता कामा नाय," सावे म्हणाले आणि त्यांनी प्रश्न टाकला: गिझर टाकीवाला घ्यायचा की इन्स्टंट? रोज टनावारी वाफ काढणारे आम्ही, पण महिनाभर उत्तर काही निघेना.

*

आमच्यातले पाठारे इन्स्टंटवाले. "बटण दाबलं की पाणी गरम, वाट बघणं नाही!" असं ते पटवत असतानाच बायकोचा फोन आला. चुकून स्पीकर चालू झाला.

"अहो, परत लाइट गेली! मी मिक्सर लावला की पोरं गिझर लावतात. आज एक तर आंघोळ होईल नाहीतर चटणी!"

पाठाऱ्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "वायरिंगचा दोष आहे."

*

चुरी टाकीवाले. पण घरात माणसं भरपूर आणि टाकी लहान. एकदा मेहुणा मुक्कामाला आला आणि त्याने गाणी म्हणत म्हणत सगळी टाकी रिकामी केली. मग चुरी आत गेले. अंगाला साबण लावला आणि नळातून बर्फ!

"मग? पाणी तापेपर्यंत थांबलात?" मी विचारलं.

"थांबतोय कुठला? फर्स्ट शिफ्ट होती. साबण पुसून आलो!"

*

मग सावे स्वतःच पालघरच्या दुकानात गेले. मी सोबत होतो, म्हणून सांगतो. सेफ्टी व्हॉल्व्ह किती प्रेशरला उडतो? टेस्टिंग कुणी केलं? टाकीचं शेल किती जाडीचं? सेल्समन घामाघूम झाला.

"काका, आंघोळ करायचीय की फॅक्टरी चालवायचीय?"

"त्याच्या खाली माजी पोर बसनार हाय," सावे म्हणाले. "त्यापेक्षा फॅक्टरी बरी!"

मला हसू आलं, पण मी हसलो नाही.

*

शेवटी आम्ही आमच्या पद्धतीने गेलो. सावेंनी विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि ते प्लांटच्या लॅबमध्ये तपासायला दिलं. केमिस्टने निकाल दिला, "क्षार फार. हे पाणी बॉयलरला चालणार नाही."

सावे हादरलेच. "आमी जनमभर पितोय, त्याचा काय?"

असल्या पाण्याने इन्स्टंटचं इवलंसं पोट लगेच चोंदेल, असं ठरलं आणि टाकीवाला गिझर सावेंच्या घरी गेला.

*

श्रावणात आम्ही बारशाला गेलो. सावे पडवीत उकिडवे बसलेले, बनियन घामाने भिजलेलं. भंगारात द्यायला काढलेल्या तांब्याच्या बंबात ते नारळाच्या जाड सालीची ओली सोडणं कोंबत होते आणि फुंकणीने फुंकत होते.

"गिझर बिघडला?"

"नाय रे, झकास हाय."

लेक बाळाला घेऊन दारात आली. "काका, गिझरचं पाणी सासरी रोजच असतं. इथं मला बाबांनी तापवलेलं बंबाचंच हवं होतं."

सावेंनी मान वर केली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धूरही पुष्कळ होता.

पाठारे गिझर बघायला बाथरूममध्ये गेले आणि तिथेच थबकले. टाकीवर, पाइपांवर, जागा मिळेल तिथे बाळाचे लंगोट वाळत घातलेले! बाहेर पाऊस कोसळत होता.

पडवीतून सावे ओरडले, "पाठाऱ्या, आता बोल! इन्स्टंटवर एवडे लंगोट मावले असते काय?"