गोवर्धनच्या जागी

आमच्या प्रौढ वर्गाच्या अल्का मॅडमनी सांगितले की प्रत्येकाने गावातील एका व्यक्तीविषयी लिहावे, आणि जिच्याबद्दल आदर वाटतो अशीच व्यक्ती निवडावी. आदर वाटण्याजोगी माणसे वर्गातील इतर बायांनी अगोदरच घेतली. माझ्या वाट्याला गोवर्धन उरला. त्याच्याविषयी मला आदर नाही, परंतु माहिती पुष्कळ आहे. आणि लिहायला बसल्यावर माहितीच जास्त उपयोगी पडते, हे माझ्या ध्यानात आले आहे.

गोवर्धन हा आमच्या गावच्या पोलीस पाटलांचा एकुलता एक मुलगा. अंगाने धडधाकट, हातापायांत कोणताही दोष नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण त्याची वागणूक ऐकणाऱ्याला तो अपंग असावा असा गैरसमज होऊ शकतो. जेथे त्याने स्वतः जायला पाहिजे, तेथे तो दुसऱ्याला पाठवतो. मयतीला भाच्याला पाठवतो. ग्रामसभेत चुलतभावाला बसवतो. एकदा रक्तदान शिबिरात त्याने नाव स्वतःचे सांगितले आणि रक्त साळ्याचे दिले. त्या रक्ताचे प्रमाणपत्र त्याच्या बैठकीत काचेत लावलेले आहे आणि आल्यागेल्याला तो ते दाखवतो.

इटियाडोह धरणाचे पाणी उन्हाळी धानासाठी सोडण्यापूर्वी आमच्या गावाने पाट साफ करायचा असतो. घरामागे एक माणूस फावडे घेऊन येतो, अशी रीत आहे. पाटलांच्या घरून पूर्वी गडी येत असे. गोवर्धनचे लग्न झाले, त्यानंतर गड्याऐवजी त्याची बायको दुर्गेश्वरी येऊ लागली. ती गुडघाभर गाळात उभी राहत असे. गोवर्धन काठावर मोटरसायकल उभी करून तिच्यावर बसत असे आणि बोट दाखवून सांगत असे, “तिकडं राहिला वो गाळ, तिकडं!” बायको पाटात असताना काठावरून बोट दाखवणाऱ्या माणसाला लाज कशी वाटत नाही, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात बाळगला. आता बाळगत नाही. त्याला ती वाटत नाही, एवढेच.

यंदा त्याचे वडील साठ वर्षांचे होऊन पदावरून उतरणार होते. पोलीस पाटील होण्यासाठी माणूस दहावी पास असावा लागतो, आणि गोवर्धनची शाळा नववीतच सुटली होती. पद घरातून जाईल या भीतीने तो मुक्त विद्यालयाच्या दहावीला बसला. बाकीचे विषय निघाले, कारण त्या पेपरांच्या वेळी खिडकीखाली त्याचा साळा पुस्तक घेऊन उभा होता. अर्थशास्त्र मात्र राहिले. साळ्याला त्या पुस्तकात उत्तर कोठे शोधावे हेच कळले नाही. आता एकच संधी उरली होती. हा पेपर निघाला तर अर्ज करता येणार, नाहीतर बापाचे पद दुसऱ्या घरी जाणार.

मी स्वतः अक्षरे शिकले ती साठी उलटल्यावर. नात खुशबूने पाटीवर हात धरून गिरवून घेतले. पुढे अल्का मॅडमच्या वर्गात बसले आणि मुक्त विद्यालयाचा एकेक विषय देऊ लागले. यंदा माझाही अर्थशास्त्राचाच पेपर होता. वर्ग संध्याकाळी समाजमंदिरात भरतो. मॅडमच्या हजेरीत गोवर्धनचे नाव होते. पहिल्या दिवशी त्या नावाला उठून उभी राहिली दुर्गेश्वरी.

“गोवर्धन कुठे आहेत?” मॅडमनी विचारले.

“घरी हायेत जी. मले पाठवलं.”

“तुला कशाला?”

“ऐकून ये म्हनले. मंग त्याईले सांगाचं.”

बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला जवळ बोलावून तिचे स्वतःचे शिक्षण विचारले. तेव्हा कळले की चिचगडला माहेरी असताना तिने याच दहावीचे सगळे विषय सोडवले होते. केवळ अर्थशास्त्राचा पेपर राहिला होता, कारण त्या दिवशी तिला हळद लागत होती. तिच्या वडिलांनी लग्नाची तारीख पुढे ढकलण्याची विनंती केली होती. तेव्हा याच गोवर्धनने निरोप पाठवला होता, “पेपर का, पुन्हा येते.”

“मॅडम,” दुर्गेश्वरी हळूच म्हणाली, “ऐकाचंच हाय त माझंबी नाव टाका न.”

त्या दिवसापासून हजेरीत दोन्ही नावे लागली. गोवर्धनचे नाव घेतले की समाजमंदिरात शांतता पसरत असे. दुर्गेश्वरीचे घेतले की “हजर” असा स्पष्ट आवाज येत असे. ही गोष्ट आम्हा सर्वांना ठाऊक होती. गोवर्धनला ठाऊक नव्हती, कारण ती ठाऊक होण्यासाठी एक दिवस वर्गात येणे आवश्यक होते.

एका दुपारी मी काही शंका घेऊन त्यांच्या घरी गेले. गोवर्धन खाटेवर पडला होता. दुर्गेश्वरी सुपात तांदूळ निवडत त्याला धडा सांगत होती.

“मागणी म्हणजे का वो?” त्याने डोळे मिटूनच विचारले.

“नुसती इच्छा म्हणजे मागणी नाही जी. घ्याची ऐपत पाहिजे, अन पैसे सोडाची तयारी पाहिजे.”

“पास व्हाची इच्छा त मले लय हाय.”

“तेच त सांगून राहिली. नुसती इच्छा म्हणजे मागणी नाही.”

मला बोलल्याशिवाय राहवले नाही. “काऊन गा गोवर्धन, तू सोता काऊन नाही येत वर्गात?”

तो खाटेवर उठून बसला. एवढे कष्ट त्याने माझ्यासाठी घेतले. “आजी, तुमी एवढं वाचता, पन तुमाले अर्थशास्त्र समजलं नाही. श्रमविभागणी म्हनतेत याले. एकानं एकच काम कराचं. ती ऐकते, मी पास होतो.”

“अन पेपरात?”

“पेपरात ती खिडकीखाली उभी राहीन. साळ्याले येत नव्हतं म्हनून घात झाला. हिले येते.”

दुर्गेश्वरीने सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला आणि पुढचा धडा सुरू केला. हजेरीतले तिचे नाव मी माझ्यापाशीच ठेवले. जो प्रश्न त्याने आपल्या बायकोला कधी विचारला नाही, त्याचे उत्तर मी का द्यावे?

परीक्षेचे केंद्र तालुक्याच्या गावी होते. आदल्या दिवशी गोवर्धन तेथे जाऊन आपला बाक पाहून आला. बाक खिडकीला लागून आहे, आणि खिडकीखाली उभे राहायला कडुनिंबाची सावली आहे, हे त्याने पानठेल्यावर मोठ्या समाधानाने सांगितले. परीक्षेची जी तयारी त्याने स्वतः केली, ती एवढीच. पेपरच्या दिवशी तो मोटरसायकलने पुढे गेला. दुर्गेश्वरीला म्हणाला, “तू एसटीनं ये. संगं दिसलो त लोक संशय घेतेत.” ती माझ्यासोबत एसटीने आली. वाटेत आम्ही दोघींनी पुरवठ्याचा धडा एकमेकींना म्हणून दाखवला.

मी माझ्या बाकावर बसले. गोवर्धन आधीच येऊन बसला होता आणि मान वळवून कडुनिंबाकडे पाहत होता. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका वाटायला घेतल्या, तेवढ्यात दुर्गेश्वरी आत आली, भिंतीवरचा नंबर पाहिला आणि त्याच्या मागे दोन बाक सोडून बसली.

गोवर्धनने तिला पाहिले. “अवो, तू अंदर काऊन आली? बाहेर जा न!”

“मध्ये बोलू नका,” पर्यवेक्षक म्हणाले. “कोण त्या तुमच्या?”

“बायको होय जी माझी. चुकून आली.”

पर्यवेक्षकांनी तिचे हॉल तिकीट पाहिले; तिचा परीक्षेचा अर्ज मॅडमनी भरून दिला होता. “चुकून नाही. यांचा नंबर आहे इथे.”

गोवर्धनने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा बाहेरच्या झाडाकडे पाहिले आणि मोठ्याने विचारले, “मंग खिडकीत कोन हाय?”

सगळी खोली हसली. पर्यवेक्षकही तोंडावर रुमाल धरून फळ्याकडे वळले. मी हसले नाही. पहिला प्रश्न वाचायला मला वेळ लागतो आणि तो वेळ मला या माणसावर घालवायचा नव्हता. मान वर केली तेव्हा तो प्रश्नपत्रिकेतले प्रश्नच उत्तरपत्रिकेत उतरवून काढत होता. मागे फिरून त्याने दबक्या आवाजात हाक मारली, “दुर्गे, अवो दुर्गे!” तिने हात वर केला. त्याच्या तोंडावर एकदम उजेड पडला. पण ती पर्यवेक्षकांना म्हणाली, “सर, पुरवणी द्या जी.”

पेपर सुटल्यावर तो त्याच कडुनिंबाखाली तिची वाट पाहत उभा होता. उभे राहण्याचे ते काम शेवटी त्यालाच करावे लागले.

“मले सांगितलं काऊन नाही?” तो ओरडला.

“मॅडम रोज हजेरीत माझं नाव घेत होत्या जी. तुमी आले असते त तुमाले ऐकू आलं असतं.”

“माझं पद गेलं न तुझ्यापायी! आता बाप का म्हनन?”

“पेपर का,” ती म्हणाली, “पुन्हा येते.”

निकाल लागला. दुर्गेश्वरी पास झाली, मीही झाले. गोवर्धन नापास झाला. परंतु पानठेल्यावर पेढे त्यानेच वाटले आणि “आमच्या घरून पास झालो” असे सांगितले. वाक्य खोटे नव्हते. खोटे बोलण्याचे कामसुद्धा तो पुरते करत नाही.

पदाचा जाहीरनामा निघाला तेव्हा दुर्गेश्वरीने अर्ज केला. पद घरातच राहते म्हणून सासऱ्यांनी हरकत घेतली नाही, आणि गोवर्धन तर आनंदातच होता. “नाव तिचं राहील, काम मी पाहीन,” असे तो सर्वांना सांगू लागला. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि हिवाळ्यात तिच्या नावाचा नेमणुकीचा आदेश आला. एका सकाळी पोलीस ठाण्यातून पाटलांना बोलावणे आले. मी पाटाकडे निघाले होते, म्हणून पुढचे मी त्यांच्या दारातच पाहिले. गोवर्धन पांढरा शर्ट घालून मोटरसायकल पुसत होता. दुर्गेश्वरी बाहेर आली, तिने त्याच्या हातून किल्ली घेतली.

“तुमी कुठं निंगाले जी?”

“ठाण्यात.”

“बोलावनं मले हाय. आज पाटाची सफाई हाय. घरून एक मानूस लागते.” तिने भिंतीला टेकवलेले फावडे त्याच्याकडे सरकवले आणि गाडी सुरू करून निघून गेली.

तो आला. पांढऱ्या शर्टातच आला. सारे गाव पाटात उतरून त्याच्याकडे पाहत होते, म्हणून तोही उतरला. थोडा गाळ त्याने बाहेर टाकला. त्यातला बराचसा पुन्हा पाटातच पडला. मग तो काठावर माझ्याजवळ येऊन बसला. हाताचे तळवे त्याने मला दाखवले. ते लाल झाले होते. मला वाटले, आता तरी हा माणूस स्वतःविषयी काहीतरी म्हणेल.

“आजी,” तो म्हणाला, “तुमची खुशबू रिकामी हाय का? माझ्या जागी जराशी उभी राहीन का?”

“नाही,” मी म्हणाले. “ती अभ्यासाले बसली हाय.”