रेशन कार्डावरचा एक पत्ता

माझं टेबल, फायलींचं कपाट आणि रेशन कार्डाची माहिती कोणी, कधी, कशासाठी उघडली हे नोंदवणारा प्रोग्राम. आमच्या रेशन ऑफिसातल्या या तीन गोष्टी मी माझ्या हातांनी केल्या. क्लास कुठलाही केलेला नाही.

आज चार वाजता कामतघरचा माझा मित्र आला. एकवीस वर्षं चारचा चहा आम्ही एकत्र घेतो. घरी माझं दुसरं कोणी नाही.

त्याची सून नवऱ्याच्या माराला कंटाळून लेकीला घेऊन निघून गेलीय. तिने कार्डावरचा पत्ता बदलल्याचं त्याला कळलं होतं.

"नुसता पत्ता दे. पोरगा समजावून आणेल तिला."

बोलता बोलता सवयीने मी तिचं नाव टाकलं. पत्ता समोर आला, तसा मी भानावर आलो आणि स्क्रीन बंद केली.

"नाही जमणार."

"उघडलास ना आत्ता? मग सांग, आणि नोंद पुसून टाक. तूच बनवलंयस ना ते?"

"मीच बनवलंय, म्हणूनच पुसता येत नाही."

"मग बस त्याच्याशीच गप्पा मारत," म्हणाला आणि उठला. त्याचा चहा तसाच राहिला.

आजच्या नोंदीत माझं नाव आहे. वेळ ४.१२. कारण : ओळखीच्याने विचारलं, चुकून उघडलं, पत्ता दिला नाही.

तुमचा पत्ता ज्याच्या हातात आहे, त्याला कोणी असं विचारलं तर?

त्या पत्त्याच्या बदल्यात मला त्याने देऊ केलं होतं ते असं : रोजचं रात्रीचं जेवण त्याच्या घरी, आणि रोख पंचवीस हजार.