गलबत पिक्चर्सचा पाठमोरा तांडेल

फिल्म कापायच्या टेबलाखाली आमच्याकडे एक पोतं असतं. नको असलेले तुकडे त्यात पडतात. काही दिवसांत ते इतकं फुगतं की पायाला लागतं, आणि रिकामं करायला घेतलं की आतून भलतंच काहीतरी डोकं वर काढतं. कंपनीतल्या किश्श्यांचंही तसंच आहे. सांगायचे म्हणून कोणी सांगत नाही. पाय लागला की बाहेर येतात!

आमची कंपनी म्हणजे गलबत पिक्चर्स. वसईत, नानामामांच्या केळीच्या वाडीत, पत्र्याची एक शेड. नानामामा म्हणजे माझे सख्खे मामा आणि कंपनीचे मालक. मी बी.ए. होऊन मुंबईहून परत आले तेव्हा घरच्यांनी स्थळं बघायला घेतली आणि मी फिल्म जोडायला घेतली. कंपनीने चित्रपट मोजकेच काढले. पण चित्रपटाच्या आधी पडद्यावर कंपनीची जी खूण येते, तो ट्रेडमार्क, तो मात्र सारखा बदलला. का बदलला? भीतीने! आमच्याकडची वडीलधारी माणसं शपथेवर सांगतात, की ट्रेडमार्कात जो गेला तो परत आला नाही.

मी हसायचे. हल्ली कमी हसते.

*

पहिला ट्रेडमार्क महायुद्धाच्या दिवसांतला. कल्पना नानामामांची. पाचूबंदरच्या किनाऱ्यावरून शिडाची होडी समुद्रात सुटते, शीड फुगतं आणि त्यावर कंपनीचं नाव उमटतं. होडी बस्त्याव तांडेलाची, सुकाणूवर तो स्वतः. कॅमेऱ्यावर केशवराव. ते आजही आमच्याकडे आहेत आणि आजही कुणाचं ऐकत नाहीत.

केशवरावांना चेहरा हवा होता. "तांडेल, होडी सुटली की मागे वळायचं आणि हसायचं. इतकंच!"

"होरी सुटली का मागं बगाचा नाय," बस्त्याव म्हणाला.

"अहो, कॅमेऱ्याकडे बघा! घराकडे नका बघू!"

"कॅमेरा घराच्याच बाजूला हाय ना?"

पाचूबंदरला ही रीत सगळे पाळतात. निघालेला माणूस मागे बघत नाही आणि किनाऱ्यावरची बायको हाक मारत नाही. केशवरावांनी विनवून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी बस्त्यावची बायको मोनीबाय बाजूला उभी होती, तिला म्हणाले, "बाई, निदान तुम्ही तरी हाक मारा! म्हणजे वळेल."

मोनीबायने पदराचा बोळा तोंडात धरला आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

लढाईमुळे कोरी फिल्म मिळायची मारामार. म्हणून वाद जो काय व्हायचा तो आधी झाला आणि शॉट एकदाच घेतला. होडी गेली, तांडेल वळला नाही. केशवराव कॅमेरा बंद करत म्हणाले, "ठीक आहे. पाठ तर पाठ! देवाने ती रुंद तरी दिली आहे."

*

त्याच दिवशी सकाळची गोष्ट. शॉटसाठी चंदेरी कागद लावलेले मोठे रिफ्लेक्टर वाळूत उभे केले होते. ते उन्हात लखलखले आणि किनाऱ्यावर पहारा करणारा हवालदार शिपायांसकट धावत आला. शत्रूच्या बोटीला खुणा करता म्हणून! सगळ्यांनी हात वर केले. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने आमचं अख्खं घर गप्प होतं ते नानामामा डोळे मिटून स्तोत्र पुटपुटायला लागले. त्या दिवसांत अशा संशयावरून माणूस कुठे नेला जाईल याचा भरवसा नव्हता.

केशवरावांनी कसंबसं हवालदाराला कॅमेऱ्याकडे नेलं. "साहेब, तुम्हीच बघा. सिनेमा आहे, सिनेमा!"

हवालदाराने काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि चटकन बाहेर काढलं. "होडी उलटी झाली!"

"आत सगळं उलटंच दिसतं साहेब. पडद्यावर सरळ होतं."

हवालदाराने समुद्राकडे पाहिलं, बस्त्यावकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला ठाऊक आहे हो. पण समुद्राला कोण सांगणार?"

*

चित्रपट गावोगावच्या तंबूत लागला. विनोदी होता. त्याच हंगामात एका दुपारी वारा फिरला. बस्त्यावचे गडी तापाने पडले होते म्हणून तो एकटाच गेला होता. पाचूबंदरच्या बाकी होड्या परतल्या. त्याची परतली नाही. फळी नाही, दोर नाही, काही नाही.

आणि पडद्यावर मात्र रोज दोनदा बस्त्याव निघतोय!

वसईच्या तंबूत पुढे बसणारी कोळी मंडळी ट्रेडमार्क आला की उठून उभी राहायची. कुणी क्रूसाची खूण करायचं, कुणी हात जोडायचं. होडी दिसेनाशी व्हायची, चित्रपटातला जाडा सासरा धोतरात पाय अडकून पडायचा, तरी कोणी बसायला तयार नाही. तंबूवाला वाडीत येऊन नानामामांना म्हणाला, "साहेब, तुमच्या सासऱ्याला आजवर कोणी हसलेलं नाही. लोक त्याच्या पडण्याकडे खांदा द्यायला उठल्यासारखे बघतात!"

त्या दिवसापासून नानामामांच्या डोक्यात शाप शिरला.

*

दुसऱ्या ट्रेडमार्कात पाणी नको असं ठरलं. म्हणून गलबत पिक्चर्सच्या ट्रेडमार्कात गलबतच नाही! किल्ल्यातल्या पडक्या कमानीखाली एक नर्तकी ओंजळीतली फुलं उधळते, एवढंच. चार दिवस तिला तिथल्या ओल्या गवतात उभी केली. पाचव्या दिवशी ती थंडीतापाने अशी काही कुडकुडायला लागली की दोन घोंगड्या पुरेनात. तिला तिच्या गावी पोहोचवलं. पुढे तिचं काय झालं हे आमच्याकडे कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना उत्तराची भीती वाटत होती.

मी सुट्टीला आले होते. घरात गुरुजी शांतीची यादी सांगत होते. मला राहवलं नाही. "गुरुजी, किल्ल्यात डास आहेत. शाप नाही!"

गुरुजींनी पान तोंडात घातलं. "डास आहेत हे खरं. पण बाकी सगळ्यांना सोडून तिलाच शोधायला त्यांना धाडलं कोणी?"

बी.ए. च्या अभ्यासक्रमात याला उत्तर नाही.

*

तिसऱ्यात माणूसच नको! शाडूचं गलबत, त्याला कागदी शीड, पुढे तेवणारी समई. मी तोवर कामाला लागले होते. मी ओरडून सांगत होते की समई आणि फिल्मचे डबे एका शेडमध्ये ठेवू नका. "लहान तोंडी मोठा घास," असं सुद्धा कोणी म्हणालं नाही. सरळ दुर्लक्ष!

ही फिल्म कशी जळते ते पाहिलेलं नसेल तर सांगून कळायचं नाही. पाणी ओता, वाळू टाका, ती आपली जळतच राहते, आणि धूर छातीत बसतो. समईच्या ज्योतीने कागदी शीड धरलं. बाजूलाच उघडे डबे. नानामामा, गुरुजी, सुतार, सगळे केळीत पळाले. मी डबे दाराकडे ओढत होते. धुरात काही दिसेना. तेवढ्यात आतून केशवरावांचा शांत आवाज आला, "उषा, शीड काय सुरेख पेटलंय! विझवायचं आहे का, का कॅमेरा चालू ठेवू?"

डबे वाचले. केशवरावांच्या भुवया तेवढ्या गेल्या.

*

चौथ्या ट्रेडमार्कात पाणी नाही, माणूस नाही, आग नाही. काळा पडदा आणि त्यावर सावकाश उजळणारी पांढरी अक्षरं. नानामामा पहिल्यांदाच शांत झोपले.

कामणच्या तंबूत पहिला खेळ. मी मागे उभी. दिवे गेले, पडदा काळा झाला आणि अक्षरं उजळायला लागण्याआधी जो वेळ जातो, त्या वेळात अख्खा तंबू श्वास धरून बसला. काळोखात एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आदी होरी दिसत तरी व्हती. आता पुरी बुडाली बग."

पोरं रडायला लागली. बायका कनात वर करून बाहेर. मी, जी सगळ्यांना शास्त्र शिकवते, ती त्या काळ्या पडद्याकडे बघून नकळत चार पावलं मागे सरले होते!

*

आता मोनीबाय. बस्त्याव गेल्याला वर्षं झाली, पण तिने त्याच्यासाठी चर्चमध्ये मेलेल्यांची मिसा, म्हणजे प्रार्थना, सांगितली नाही. पहिला चित्रपट ज्या गावात लागेल तिथे ती जायची. सोपारा, उमेळे, कामण, कुठेही. होडी सुटताना बघायची आणि सासरा पडायच्या आत उठून घरी. पुढे नानामामांच्या हुकुमावरून मीच प्रत्येक प्रतीतला तो तुकडा कापत गेले. कापताना मी त्या पाठीकडे बघायचं टाळायचे. का, ते विचारू नका. शेवटी एकच पट्टी उरली, शेडमधली. मोनीबाय माग काढत तिथे आली.

"मावशी, कशाला जीवाला त्रास?" मी म्हटलं. "मिसा सांगून मोकळ्या व्हा ना."

"फादर पन तेच म्हनतात. सासू तेच म्हनते." ती टेबलावरच्या डब्याकडे बघत होती. "मी कशी सांगू, बाय? मी त्याला मेलेला बगितला नाय. मी त्याला जाताना बगितला. तुमच्या पडद्यावर तो अजून जातोच हाय. जो जातोय तो मेला कसा?"

इतक्यात दारातून नानामामा गरजले. त्याचं असं झालं होतं, की आदल्या दिवशी मी घरात जाहीर केलं होतं, "पाचवा ट्रेडमार्क होडीचाच करू आणि होडीत दिवा घेऊन मी उभी राहते. बघू कोण नेतं मला!" मामीने जेवण टाकलं होतं.

"तू उभी राहणार असशील," नानामामा म्हणाले, "तर आधी ती पट्टी जळली पाहिजे. आजच्या आज. मला एकच भाची आहे."

भांडायचं विसरले मी.

मोनीबाय उठली. "जाला ती पट्टी. पन आदी एकदा दाखवा. मंग मी परत नाय येनार."

*

दुपारची वेळ. नानामामांनी केळीत खड्डा खणून घेतला आणि आगपेटी मुठीत धरून त्याच्यापाशी उभे राहिले. आत आम्ही तिघंच. फटींना गोणपाटं लावून काळोख केला. मोनीबाय बाकावर, केशवराव पडद्यापाशी भिंतीला टेकून, मी मशीनवर.

जुनी पट्टी ठिकठिकाणी वाळली होती. अशी फिल्म दिव्यापुढे क्षणभर अडकली तरी पेट घेते, म्हणून माझे डोळे मशीनवर. पडदा मी बघितलाच नाही. पट्टी सरकत होती, मशीन खडखडत होतं. आता होडी सुटली असेल, आता शीड फुगत असेल, एवढं मनात मोजत होते.

तेवढ्यात मोनीबायने हाक मारली.

"बस्त्याव!"

हळू नाही. किनाऱ्यावरून पाण्यात ऐकू जावी तशी, गळा फाडून. माझा हात मशीनवरच्या तापलेल्या पत्र्याला लागला आणि ते मला नंतर कळलं.

पट्टी संपली. पांढरा पडदा. मोनीबाय उठली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात गार होता.

"बगितला त्यानं," ती म्हणाली. "आता मिसा सांगते."

दार उघडून ती उन्हात गेली. बाहेरून नानामामा, "झालं का? उषा, आण ती पट्टी!"

मी पट्टी काढायला वाकले. केशवराव भिंतीपासून हलले नव्हते. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आगीतसुद्धा नाही.

"उषा, ही पट्टी कुठली लावलीस?"

"तीच की! दुसरी आहे कुठे? एकच टेक आहे आणि तो तुम्हीच काढलाय."

"हो," केशवराव म्हणाले. "पण मी काढला, त्यात तो वळला नव्हता."