लाल धाग्याच्या शेंगा

माझा भाऊ, अण्णा, गेला आणि शेतात तुरीच्या दोन ओळी मागे ठेवून गेला.
त्या ओळी पीक आहेत का तण, हे घरात कुणालाच माहीत नाही.

आज येळवस. बाहेरच्यांसाठी सांगते, वेळ अमावस्येला आमच्याकडे शेतात पूजा करतात आणि तिथंच जेवतात. अख्खं खटकचिंचोळी गाव शेतात आहे.
आम्हाला सुतक.

अण्णा कलबुर्गीला तुरीवर संशोधन करायचा. काम काय, तर माळावरची रानतूर आणि आपली शेतातली तूर यांचा क्रॉस करायचा.
रानतूर वेलीसारखी पसरते. बी बारीक, शेंगेवर दाट लव. चवीला कडू, खायला काही कामाची नाही.
पण शेंगा पोखरणारी अळी तिच्या वाटेला फारशी जात नाही. अण्णाला तेवढंच पाहिजे होतं.

आमच्या वडिलांनी, अप्पांनी, तरुणपणी मेंढरं राखली. ते म्हणायचे, "आमची मेंढरं जे खाऊन वाढली, ते हुडकायला सरकार ह्याला पगार देतंय."
अण्णा म्हणायचा, "तुमच्या मेंढरांनी काही शिल्लक ठेवलंय का, तेच बघायलोय अप्पा."

एकदा मी विचारलं, "कामून एवढा जीव काढायलास? नवं बियाणं मिळतंय की दुकानात."
"आपल्या तुरीचे आपण लई लाड केलेत, सुमे. वजन वाढलं आन् अंगातलं बळ गेलं. रानातली बहीण अजून धट्टीकट्टी हाय. तिच्याकडून थोडं मागून आणायलोय."
"मग देती का ती?"
"देती की. संगट तिच्या सगळ्या खोड्या बी देती."

रिटायर व्हायच्या थोडं आधी त्यानं घरच्या शेतातही दोन ओळी लावल्या. सुट्टीला आला की सकाळी तिथंच.
कळी उमलायच्या आत चिमट्यानं उघडायची, रानतुरीचा पराग लावायचा आणि देठाला लाल धागा बांधायचा. बहुतेक कळ्या गळून जायच्या. एखादी धरली की हा माणूस दिवसभर शीळ घालत फिरायचा.

तर, त्या वर्षीची येळवस.
वहिनी बायकांना घेऊन सकाळीच शेतात गेली. भज्जीत, म्हणजे येळवसच्या मिश्र भाजीत, टाकायला हिरवे दाणे पाहिजेत. बघते तर शेंगांना लाल धागे.
तिला वाटलं, नवरा जन्मात कधी देवळात गेला नाही, आणि यंदा त्यानं देवीच्या नैवेद्याच्या शेंगा धागा बांधून राखून ठेवल्या. बाई हरखून गेली.
आधी त्याच शेंगा तोडल्या. एकही ठेवली नाही.

मी आणि अण्णा दुपारी पोचलो. पूजेला उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी लाल धागे पडले होते.
अण्णा म्हणाला, "ह्याच्या शेंगा?"
वहिनी हसत म्हणाली, "भज्जीत. आदी देवीला दाखवली, आता तुमाला वाढते."

मी डोळे मिटून घेतले.

अण्णा खाली बसला. भज्जी खाल्ली. परत मागून घेतली.
मग विचारलं, "कुणाला कडू लागली का?"
कुणालाच नव्हती लागली.

संध्याकाळी तो बांधावर एकटा पाठमोरा बसला होता. खांदे हलत होते.
रडत होता का हसत होता, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

वहिनीला खरं काय ते नंतर कळलं. तिनं विचारलं, "तवाच का बोलला न्हाईत?"
तो म्हणाला, "तू एवढ्या मनानं केलंस. काय बोलू?"
तो दर वर्षी ओळी लावत राहिला, पण तेव्हापासून धाग्याच्या शेंगेला तिनं हात लावला नाही.

गेल्या आठवड्यात छातीत दुखतंय म्हणाला आणि बिदरच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेला.

आता शेतात लाल धागे आहेत आणि पांढरेही आहेत.
त्याच्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. ते म्हणाले, "एक रंग क्रॉसचा असणार, दुसरा साध्या तुरीचा, तुलनेला ठेवलेला. कोणता कुठला ते त्यालाच ठाऊक. दोन्ही वेगळे काढून ठेवा."
"पण त्यातून चांगलं काही निघेल का?"
"पेरल्याशिवाय कसं कळणार, ताई?"

भेटायला येणारे विचारतात, त्यांनी तुरीची कोणती जात काढली?
नाव सांगता येत नाही. त्याचं काम वाया गेलं का अर्धं झालं, मला खरंच माहीत नाही. मला रडू येतंय का त्याचा राग येतोय, तेही नीट कळत नाही. एवढं डोक्यात घेऊन गेलास, जरा कुणाला सांगून तरी जायचं.

आज आम्ही दोघी शेतात गेलो, कारण यंदा शेंगा लवकर वाळल्यात. रानाचं रक्त असलं की शेंग तडकते आणि बी उडून जातं. थांबता येत नव्हतं.

वहिनी ओळीसमोर उभी राहिली. हात पुढं होईना.
"मी न्हाई तोडत, ताई. माझ्या हातून परत काही व्हायला नको."
"मला तरी कुठं कळतंय, वहिनी?"

तेवढ्यात एक शेंग आपोआप तडकली. दाणे काळ्या मातीत कुठं गेले, दिसलेही नाहीत.

वहिनी खाली बसली आणि तिनं झाडाखाली पदर पसरला.
"तोडा आता," म्हणाली.

मी तोडत गेले. आधी लाल धाग्याच्या. त्या फडक्यात बांधून ठेवल्या आणि मग पांढऱ्या.
अण्णा गेल्यापासून वहिनी रडली नव्हती. ती तिथं रडली, पदर तसाच धरून.

नवरा गेल्यावर बाईची ओटी भरत नाहीत आमच्याकडे.
आज मी भरली.

अण्णा, कोणतं रानातलं आणि कोणतं आपलं, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळं काढलंय. सगळं पेरणार.
जा आता तू. सावकाश जा.