रिकाम्या टाकीतली टकटक

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की नव्वदच्या दशकातली धाटावची एक दुपार आठवते. तिथल्या एका केमिकल कंपनीत टाकीवरच्या ढवळणीच्या मोटारीच्या बेअरिंगचा आवाज टिपायला आम्ही टाकीच्या पत्र्यावर कंपनं टिपणारी पिएझोची चकती चिकटवली होती. पण तिचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या ऑप-अँपला जोडलेल्या मीटरचा काटा सारखा टोकाला जाऊन अडकायचा. शेवटी चकतीला समांतर एक मोठा रेझिस्टर जोडला आणि काटा शून्यावर आला. मी हेडफोन लावला, तर टकटक, जरा थांबून पुन्हा टकटक. टाकी रिकामी होती, मोटार बंद होती. वायर हलवल्या, आयसी बदलली, तरी टकटक तशीच. सोबतच्या फिटरने हेडफोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा उतरला. "साहेब, आत कोनतरी हाय!" वर चढून बॅटरी मारली, तर सफाईला उतरलेला पेणचा एक कामगार तळाशी निपचित पडला होता. मास्क लावून, दोर बांधून त्याला वर काढलं. तो वाचला. हॉस्पिटलात मी त्याला म्हटलं, "बरं झालं, तुम्ही पत्रा ठोकत राहिलात." तो म्हणाला, "नाय ओ, मी कवा ठोकला? उतरलो नि डोल्यासमोर कालोखच झाला." त्यानंतर मी कितीतरी सर्किटं दुरुस्त केली, पण त्या दिवशी माझ्या सर्किटमध्ये काही बिघाड नव्हता, एवढंच मला आजही खात्रीने सांगता येतं.