गढ्याच्या काकू आणि मागचे दोन पाय

प्राण्यांच्या दवाखान्यात किस्से कसे साठतात ते विचारू नका. हिरव्या गाऊनला मांजरांचे केस चिकटतात ना, तसे. घरी गेल्यावर कळतं, अरे, हेही आलं सोबत! मी भूल देणारा डॉक्टर. त्यामुळे मला सगळंच जरा झोपेतल्यासारखं आठवतं.

* * *

गढा हा आमच्या हिंदीभाषक शहरातला जुना भाग; तिथल्या काकू भाजीच्या टोपलीत मांजर घेऊन आल्या. नवरा गेल्यापासून घरात त्या आणि ही राणी, दोघीच. राणीचे मागचे पाय लुळे पडलेले. मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता.

आमच्या सर्जन मॅडमनी तिच्या मागच्या बोटाला चिमटा काढला. पाय आखडला.

"हलला पाय!" काकू म्हणाल्या.

"पाय आपोआपही आखडतो, काकू. तिला कळलं का, ते बघायचंय."

पुन्हा चिमटा, जरा जोरात. राणी मान वळवून मॅडमवर फिस्कारली. मॅडम खूश.

"शिव्या देतेय. करू या ऑपरेशन."

* * *

हाड कोरताना कुणी बोलायचं नाही, हा मॅडमचा नियम. ड्रिल थांबलं आणि हाडाच्या फटीतून एक पांढरी, ओलसर दोरी दिसली. एवढीशी! तिच्यातूनच सगळ्या उड्या जायच्या. मी बघतच राहिलो.

"श्वास चालू आहे ना?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"हिचा चालू आहे. माझं सांगता येत नाही."

* * *

भुलीतून उठवताना आम्ही नावानं हाका मारतो. "राणी, ए राणी..." काही नाही. शेवटी काकूंना आत बोलावलं. त्या कानाशी वाकल्या.

"क्यों री चोट्टी, दूध कौन पी गया?"

कान हलला!

"घरी मराठी बोलता ना?" मी विचारलं.

"मी बोलते. ती दिवसभर मोहल्ल्यात राहते ना जी."

"आणि मग राणी हे नाव?"

"डॉक्टरसमोर चोट्टी काहून सांगू?"

* * *

मग नुसती वाट बघणं. पिंजऱ्यात विश्रांती, कोमट पाण्याच्या टबात पायांचा व्यायाम. काकू येऊन रोज स्वप्न सांगायच्या.

"काल छतावर धावून राहिली होती."

"मागचे पाय कसे टाकत होती?" मॅडम अगदी गंभीर.

"डावा ओढत होती जरासा."

"मग डाव्याचा व्यायाम वाढवू."

एका सकाळी काकू आल्या. "आज स्वप्नच नाही पडलं," म्हणाल्या. "ही नाही उठली, तर मी कोणासाठी उठू?" मॅडमनी राणीचा डावा पाय हातात घेऊन व्यायाम सुरू केला.

* * *

घरी पाठवली तेव्हा ती डगमगत का होईना, चालत होती. उडी मात्र नाही. कधी मारेल का, ते मॅडमनाही सांगता येत नव्हतं. काकूंना बजावलं होतं, सध्या एका खोलीतच ठेवा.

परवा ओपीडीत फोन आला. काकू रडत होत्या.

"मॅडम, दार उघडं राहिलं हो! चोट्टी अंगणातल्या भिंतीवर उडी मारून पळाली!"

मॅडम सावकाश खुर्चीत मागे टेकल्या. डोळे मिटले.

"काकू, रडू नका. आधी मला सांगा, भिंत किती उंच आहे?"