एलीकुट्टीनं शिवलेले खांब

गावचा सुतार दिवाकरन आशारी यानं एलीकुट्टी शिंपिणीकडे पहिल्यांदा नीट लक्ष दिलं, ते वाचनालयाच्या बांधकामावर. एरवी बायकोचे शिवलेले ब्लाउज आणायला तिच्याकडे गेला की दारातूनच तिची पाठ दिसायची. त्या दिवशी ती गळ्यात टेप अडकवून वाळूत गुडघे टेकून बसली होती आणि खांबाच्या उभ्या सळ्यांचा घेर घेत होती. एक सळई हलली, तर तिला म्हणाली, "श्वास रोखून धर."

"खांबाला झंपर शिवतेस की काय?" आशारीनं विचारलं.

"सदरा शिवतेय, चेट्टा," थोरल्या भावाला हाक मारावी तसं ती म्हणाली. "तुमच्या फळ्यांत बिचाऱ्याला उकडतं."

इंजिनियरबाईंचं म्हणणं होतं, काँक्रीटच्या साच्याला फळ्या हव्यात म्हणून लाकूड कशाला तोडायचं? जाड कापडाची नळी सळ्यांवर चढवायची, काँक्रीट ओतायचं, सुकलं की कापड सोलून पुढच्या खांबाला. हाउसबोटवाले तयार पडदे आणू लागल्यापासून एलीचं मशीन महिनामहिना झाकलेलंच असे. पहिला खांब साधला, तर बोटींच्या धक्क्यावरच्या शेडच्या खांबांचं कामही तिलाच मिळणार होतं. कापड फाटलं, तर आशारीच्या फळ्या होत्याच. त्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या आणि तो त्यांच्यावरच बसून चहा पीत असे.

काँक्रीट ओतायच्या सकाळी नळी चढवून झाली. मिक्सर गरगरू लागला. आशारीनं सहज कापडावरून हात फिरवला. शिवण कशी, महागड्या ब्लाउजसारखी, बाहेरून दिसेल तर शपथ. तो परत जाऊन फळ्यांवर बसला. चहा अर्धा उरला होता. तो त्यानं तसाच ठेवला आणि उठला.

"एली, शिवणीची पट्टी आत आहे."

"मग कुठे असते?"

"कपडा लोक बाहेरून बघतात म्हणून तू ती आत घेतलीस. इथं लोक खांब बघणार. काँक्रीट ती पट्टी दातात धरील आणि सोलताना तुझा सदरा फाटेल."

एलीनं शिवणीवरून बोट फिरवलं. "बत्तीस वर्षांचा हात आहे, चेट्टा. आपोआप आतच वळतो."

मिक्सर थांबवला. दोघांनी नळी काढली, उशीचा अभ्रा उलटवावा तशी वाळूवर उलटवली आणि पुन्हा चढवली. पट्टी आता बाहेर आली. आशारीनं आपल्या ढिगातल्या दोन फळ्या आणल्या आणि शिवण उसवू नये म्हणून पट्टी त्यांच्यामधे घट्ट आवळली. मग काँक्रीट ओतलं.

"शेवटी फळ्या लागल्याच म्हणा," एली म्हणाली.

"दोनच," आशारी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी कापड अख्खं सुटून आलं. खांब गोल, तुकतुकीत, अंगावर कापडाची बारीक वीण उमटलेली, खाली जरासं पोट सुटलेलं.

"तुमच्यावर गेलाय," एली म्हणाली.

धक्क्यावरचे बारा खांब तिनंच शिवले. आता ती सकाळी आठलाच खांबांचे सदरे शिवायला मशीनवर बसते. ब्लाउज शिवते, पण फक्त ओणम आणि ईस्टरच्या आधी.